भेदी बंगल्याचा मालक : मास्टर भगवान

यंदाच्या स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा मी संपादक मंडळाला सांगून टाकलं, की भुताच्या सिनेमांवर लिहितो. मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं. बाप्पाच्या अंकात भुतं कशाला, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. आपल्या स्मरणिकेत संतचरित्रं येतात, सयाजीराव महाराज येतात, एखादी काशीयात्रा येते, मोदकांचे प्रकार येतात. भूत अजून आलेलं नाही. म्हणून आधीच खुलासा करतो. लेख भुतांवर नाही, एका माणसावर आहे. या माणसाने गिरणीत राबणाऱ्या लोकांना थोडक्या पैशांत घाबरवलं, हसवलं, नाचवलं, स्वतः राजासारखा जगला, पुन्हा चाळीत आला, आणि त्या चाळीपुढे गणपतीच्या मिरवणुका थांबू लागल्या. तेव्हा हा लेख या अंकात शोभेल असं मला वाटतं. न शोभल्यास वाचकांनी मला मांडवात गाठावं.

आता भुतांकडे मी कसा वळलो ते सांगतो. आपल्या बाजव्यात आमच्या लहानपणी गणपतीत आरतीनंतर व्हीसीआर लागायचा. भाड्याने आणलेला टीव्ही टेबलावर, टेबलाखाली वायरींचा गुंता, आणि पुढे सतरंजीवर आम्ही. पहिला सिनेमा देवाधर्माचा, तो आजी-काकूंसाठी. दुसरा कौटुंबिक. तिसरा सुरू व्हायचा तेव्हा खत कारखान्यातली दुसरी पाळी सुटून काका मंडळी आलेली असायची, बायका घरी गेलेल्या असायच्या आणि आम्ही झोपलो आहोत असा सगळ्यांचा समज असायचा. तो तिसरा सिनेमा रामसे बंधूंचा. 'पुराना मंदिर' मी असा, चादरीच्या भोकातून पाहिला. मधेच रेल्वे लाइनवरून मालगाडी धडधडत गेली की मांडवातले मोठेसुद्धा दचकायचे. दुसऱ्या दिवशी आईने विचारलं, की रात्री लघवीला उठून बाबांना का उठवलंस? मी काय सांगणार!

एकदा हे आजोबांना कळलं. ते रागावले नाहीत, हसले. आमचे आजोबा बडोद्याला स्थिरावण्याआधी काही वर्षं मुंबईत परळच्या गिरणीत होते. त्यांनी सांगितलं, की त्यांच्या तरुणपणी असाच एका बंगल्याचा भीतीचा चित्रपट पाहून ते आणि त्यांचे खोलीतले भाऊबंद चाळीच्या टोकाच्या संडासाला आठवडाभर जोडीने जात होते. चित्रपटाचं नाव त्यांना आठवत नव्हतं. तो भगवानचा होता, एवढं पक्कं. पुढे मी मोठा झाल्यावर भगवान म्हणजे 'अलबेला'तला तो गोल चेहऱ्याचा, कंबर हलवत हात झुलवणारा माणूस हे कळलं, आणि त्याने भीतीचा चित्रपट काढला होता यावर माझा विश्वासच बसेना. मग शोधाशोध केली. त्यातून हा लेख.

भगवान आबाजी पालव यांचा जन्म १ ऑगस्ट १९१३ चा. वडील कापड गिरणीत कामगार. घरची परिस्थिती गिरणगावात असते तशीच, म्हणजे पगार झाला की दहा दिवस बरे आणि नंतरचे वीस उधारीचे. शाळा फार झाली नाही. स्वतः मजुरी केली. पण दोन वेडं लहानपणीच लागली, एक कुस्तीचं आणि दुसरं सिनेमाचं. तेव्हा चित्रपट मुका होता. पडद्यावर अमेरिकेचा डग्लस फेअरबँक्स छपरांवरून उड्या मारायचा, झुंबराला लोंबकळून शत्रूवर झेप घ्यायचा, आणि पुढच्या बाकांवर बसलेली गिरणगावातली पोरं शिट्ट्या मारायची. भाषा कळायचा प्रश्नच नव्हता, कारण भाषा नव्हतीच. उडी सगळ्यांना कळते. भगवानने ती उडी मनात धरून ठेवली. पुढे राज कपूर त्यांना हिंदुस्थानचा डग्लस म्हणत, ते या उड्यांमुळेच.

स्टुडिओच्या दारात उभं राहून लहानसहान कामं मिळवत हा मुलगा मुक्या चित्रपटांत शिरला. 'क्रिमिनल' हा त्यांचा सुरुवातीचा चित्रपट. पैलवानी अंग, मध्यम उंची, देखणा म्हणावा असा चेहरा नाही. अशा माणसाला सिनेमात दोनच कामं मिळतात, मार द्यायचं किंवा मार खायचं. भगवानने दोन्ही केली आणि त्याबरोबर तिसरं काम केलं, जे बाकीचे नट करत नाहीत. कॅमेरा कुठे ठेवतात, दिवे कसे लावतात, तुकडे कसे जोडतात, कपडेपट कोण सांभाळतो, जेवणाचे डबे कुठून येतात, हे सगळं पाहून ठेवलं. १९३८ मध्ये चंद्रराव कदम यांच्या जोडीने त्यांनी 'बहादूर किसान' दिग्दर्शित केला. तेव्हा ते जेमतेम पंचविशीचे होते.

तिथून १९४९ पर्यंतची अकरा वर्षं म्हणजे भगवानच्या आयुष्याचा तो भाग, ज्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. सगळे 'अलबेला'वर येऊन थांबतात. पण मला हीच वर्षं महत्त्वाची वाटतात. या काळात त्यांनी एकामागून एक स्टंटचे, मारामारीचे स्वस्त चित्रपट काढले. नायक बहुधा स्वतःच, आणि तोही भोळसट, साधा, कोणीही फसवावं असा. पण चिडला की चौघांना लोळवणारा. एका चित्रपटाचा खर्च पासष्ट हजार रुपयांच्या आसपास. मी सरकारी खात्यात एस्टिमेट करणारा माणूस आहे, मला आकडा दिसला की तो फोडून पाहिल्याशिवाय राहवत नाही. पासष्ट हजारांत कच्ची फिल्म, स्टुडिओचं भाडं, नटमंडळी, गाणी, धुलाई-छपाई, सगळं बसवायचं. आमच्या खात्यात एवढी बाबवारी असती तर चार सह्या आणि दोन फेरनिविदा झाल्या असत्या. भगवानकडे फेरनिविदा नव्हती. म्हणून कपड्यांचे नमुने ते स्वतः काढत, जेवणाची व्यवस्था स्वतः पाहत, मारामारी स्वतः बसवत आणि ती स्वतःच करत. नकली माणूस उभा करून उडी मारायला लावणं त्यांच्या बजेटात बसतच नव्हतं.

हे चित्रपट कोण पाहत होतं? शहाणे लोक पाहत नव्हते. शहाणे लोक 'प्रभात'चे चित्रपट पाहत, आणि ते बरोबरच होतं. 'कुंकू' आणि 'माणूस' पुन्हापुन्हा पाहावेत असेच आहेत. पण लालबाग-परळमध्ये पाळी सुटल्यावर कानात यंत्राचा आवाज घेऊन बाहेर पडणाऱ्या माणसाला कधीकधी नुसतं ओरडायचं असतं. त्याच्यासाठी वाडिया बंधूंनी १९३५ मध्ये 'हंटरवाली' काढून नादियाच्या हातात चाबूक दिला होता. भगवान त्याच रांगेतले, फरक एवढाच की ते स्वतः त्याच चाळींतून आलेले होते. पुढच्या बाकावर बसणाऱ्याला काय हवं हे त्यांना कोणी सांगावं लागलं नाही.

मधेच एक गंमत. १९४१ मध्ये या मराठी माणसाने 'वनमोहिनी' नावाचा तामिळ चित्रपट दिग्दर्शित केला. जंगलाचा चित्रपट, नायक एम. के. राधा, नायिका सिलोनहून आलेली थवमणी देवी. आणि संगीतकार कोण, तर पुणतांब्याचा रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे आपले सी. रामचंद्र. दोघांचं मैत्र त्या काळातलं. हिंदीत सी. रामचंद्रांना स्वतंत्र संगीतकार म्हणून पहिली संधी भगवाननीच दिली, १९४२ च्या 'सुखी जीवन'मध्ये. पुढे ते मोठे झाले, 'अनारकली'पर्यंत गेले, आणि चीनच्या युद्धानंतर दिल्लीत लताबाईंनी पंडित नेहरूंसमोर गायलेलं ते गीत त्यांनीच बांधलं. पण हा माणूस आपल्या जुन्या मित्राच्या लहान चित्रपटांनाही चाली देत राहिला.

१९४२ चं साल भगवान यांच्यासाठी दोन कारणांनी मोठं. त्या वर्षी त्यांनी जागृती पिक्चर्स ही स्वतःची संस्था काढली. आणि त्याच वर्षी 'जंग-ए-आझादी'च्या चित्रीकरणात तो प्रसंग घडला, जो झाकून हे चरित्र सांगता येणार नाही. समोर होत्या ललिता पवार. येवल्याच्या अंबा सगुण. तेव्हा त्या सासू नव्हत्या, नायिका होत्या, तरुण आणि देखण्या. प्रसंगात भगवाननी त्यांना थोबाडीत मारायची होती. हात पैलवानाचा, आणि मारणाऱ्याला त्याचा अंदाज राहिला नाही. ललिताबाईंच्या चेहऱ्याला लकवा झाला, डाव्या डोळ्याची शीर फुटली. तीन वर्षं उपचार चालले. डोळा कायमचा बारीक राहिला आणि नायिकेची कामं संपली.

ललिताबाई पुन्हा उभ्या राहिल्या. त्याच डोळ्याने त्यांनी हिंदी आणि मराठी पडद्यावरची सासू अशी उभी केली की खऱ्या सासवा बऱ्या वाटू लागल्या. 'अनाडी'साठी त्यांना फिल्मफेअर मिळालं, 'रामायण' मालिकेत त्या मंथरा झाल्या. हे सगळं त्यांचं कर्तृत्व, थपडेचं नव्हे. काही लेखांत मी वाचलं आहे, की त्या थपडेनेच त्यांना मोठं केलं. मला हे पटत नाही. ज्या चित्रपटांत सुरक्षेला पैसे नसतात, सरावाला वेळ नसतो, खरं मारल्याशिवाय पुढच्या बाकावरून शिट्टी येत नाही, तिथे असं होतं. पासष्ट हजारांच्या एस्टिमेटमध्ये न दिसणारी ही रक्कम एका बाईने आयुष्यभर भरली. भगवान स्वभावाने भोळे होते, दुष्ट मुळीच नव्हते, हे सगळे सांगतात. म्हणूनच ही गोष्ट जास्त बोचते.

युद्धाचा काळ आला. कच्ची फिल्म परवान्यावर मिळू लागली, चित्रपटाच्या लांबीवर मर्यादा आली. मोठ्या कंपन्या डळमळल्या, पण थोडक्यात भागवायची सवय असलेल्यांचं चाललं. १९४७ मध्ये भगवाननी चेंबूरला जागा घेऊन जागृती स्टुडिओ उभा केला. त्याच चेंबूरला नंतर राज कपूरचा आर. के. स्टुडिओ आला. गिरणी कामगाराचा मुलगा आता स्टुडिओचा मालक होता.

आणि १९४९ मध्ये आला 'भेदी बंगला'.

इथे थोडं थांबून भुताचा चित्रपट स्वस्त का पडतो ते सांगायला हवं. राजा-राणीचा चित्रपट काढायचा तर दरबार लागतो, हत्ती लागतो, पन्नास सैनिकांचे कपडे लागतात. सामाजिक चित्रपटाला नावाजलेले नट लागतात. भुताला काय लागतं? एक बंगला. तोही पूर्ण नको, एक जिना, एक खिडकी आणि एक कुरकुरणारं दार पुरे. बाकी सगळा अंधार, आणि अंधाराला भाडं नसतं. भिंतीचा रंग उडालेला असेल तर उत्तमच. दिवा वरून लावण्याऐवजी खालून लावला की रोजचा चेहरा ओळखू येत नाही. धूप जाळला की धुकं झालं. माणूस गायब करायचा तर कॅमेरा थांबवायचा, माणसाला बाजूला व्हायला सांगायचं, बाकीच्यांनी हलायचं नाही, आणि पुन्हा सुरू करायचा. अर्धपारदर्शक बाई दाखवायची तर काळ्या पडद्यापुढे तिला वेगळं चित्रित करून त्याच फिल्मवर दुसऱ्यांदा प्रकाश द्यायचा. या युक्त्या चित्रपटाइतक्याच जुन्या आहेत. आपल्या बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले दादासाहेब फाळके या विद्येत तरबेज होते. एका जर्मन जादूगाराकडून ते बडोद्यातच जादू शिकले आणि आडनाव उलटं करून प्रोफेसर केळफा या नावाने त्यांनी जादूचे प्रयोग केले. त्यांनी ही युक्ती देव प्रकट करायला वापरली. त्याच युक्तीने भूतही प्रकट होतं, कॅमेऱ्याला दोघांत फरक कळत नाही.

पण एक गोष्ट स्वस्तात मिळत नाही, ती म्हणजे वेळेचा अंदाज. दार किती वेळ कुरकुरू द्यायचं, मग किती वेळ शांतता ठेवायची, आणि बरोबर कधी मांजर फेकायचं. एक क्षण लवकर झालं तर लोक हसतात, एक क्षण उशीर झाला तरी हसतात. मारामारी बसवणाऱ्याला आणि विनोद करणाऱ्याला हा अंदाज असतो, आणि भगवान दोन्ही करत होते. म्हणून त्यांनी भीतीकडे वळावं यात नवल नाही. नवल या गोष्टीचं, की त्याच १९४९ मध्ये बॉम्बे टॉकीजचा 'महल' आला. कमाल अमरोही दिग्दर्शक, अशोककुमार, मधुबाला, खेमचंद प्रकाश यांचं संगीत आणि लताबाईंचं ते झोपाळ्यावरचं गाणं. ओसाड वाडा, पुनर्जन्म, आणि शेवटी भूत म्हणजे माळ्याची मुलगी. एकाच वर्षी दोन पछाडलेल्या वास्तू उभ्या राहिल्या, एक संगमरवरी आणि एक चाळकऱ्यांची. 'महल' आजही लोक पाहतात, त्यावर पुस्तकं लिहिली जातात. 'भेदी बंगला' नावापुरता उरला. त्या काळची फिल्म नायट्रेटची, भराभर पेट घेणारी. नाही पेटली तर गोदामात कुजणारी किंवा चांदीसाठी भंगारात जाणारी. स्टंटच्या चित्रपटाची प्रत जपून ठेवावी असं कोणाला वाटणार? भगवान यांच्या त्या अकरा वर्षांतलं फारच थोडं आज पाहायला मिळतं. माझे आजोबा ज्याला घाबरले तो हाच बंगला होता का, हे आता विचारायला आजोबाही नाहीत.

भगवानच्या आयुष्याला वळण दिलं राज कपूरने. स्टंट पुरे, आता एक सामाजिक चित्रपट काढ, असा सल्ला त्याने दिला. भगवाननी तो मनावर घेतला आणि १९५१ मध्ये 'अलबेला' आला. निर्माते, दिग्दर्शक, नायक स्वतः. नायिका गीता बाली, जी त्या वेळी 'बावरे नैन' आणि 'बाजी'मुळे आघाडीवर होती. नायक प्यारेलाल, गरीब घरातला, नाटकाचं स्वप्न पाहणारा, नोकरी गेलेला. बोलणी खाऊन घर सोडतो, रंगभूमीवर मोठा होतो, घरी पैसे पाठवत राहतो आणि ते पैसे नात्यातलाच माणूस मधल्यामधे खातो. इकडे आईला वाटतं मुलगा विसरला. ही गोष्ट गिरणगावातल्या प्रत्येक खोलीत घडलेली होती, मनिऑर्डर एवढाच काय तो तिचा मुख्य पात्र!

आणि गाणी. राजिंदर कृष्ण यांचे शब्द, सी. रामचंद्रांच्या चाली, लताबाईंचा आवाज आणि नायकासाठी चितळकर या नावाने स्वतः रामचंद्रांचाच गळा. एकीकडे ती अंगाईसारखी चाल, जी आजही आपल्या मंडळाच्या ऑर्केस्ट्रात एखादी काकू गातेच, आणि दुसरीकडे बोंगोच्या ठेक्यावरची ती नाचाची गाणी. बँड गोव्याच्या चिक चॉकलेटचा. भगवान त्यावर नाचले ते कुठल्याही शास्त्रात नाही. पाय जवळजवळ जागेवर, खांदे आणि कंबर हळू झुलते आहे, हात चालताना हलतात तसे, चेहऱ्यावर चोरून गूळ खाल्ल्याचं हसू. मोठी उडी मारणाऱ्या माणसाने सगळ्यात लहान हालचाल शोधून काढली. ती हालचाल कोणालाही जमते, हेच तिचं यश. पोट सुटलेल्या माणसाला जमते, धोतर नेसलेल्याला जमते. पुढे अमिताभ बच्चनपासून गोविंदापर्यंत अनेकांनी ती उचलली. लग्नाच्या वरातीत आपले सगळे काका जे नाचतात ते भगवानच, त्यांना ठाऊक असो वा नसो.

'अलबेला' त्या वर्षी 'आवारा' आणि 'बाजी'च्या जोडीने चालला. पैसा आला तो असा, की जुहूला समुद्राकाठी पंचवीस खोल्यांचा बंगला झाला. दारात सात गाड्या, आठवड्याच्या प्रत्येक वारासाठी वेगळी. मी याचा हिशेब करत बसलो होतो, सात गाड्यांना किमान दोन ड्रायव्हर, पेट्रोल, धुलाई. बायकोने विचारलं, तुमचं काय जातंय? खरं आहे.

पुढचं लवकर सांगतो, कारण ते लवकरच घडलं. १९५३ मध्ये गीता बाली आणि सी. रामचंद्र यांनाच घेऊन 'झमेला' काढला, तो 'अलबेला' झाला नाही. १९५६ मध्ये किशोरकुमारबरोबर 'भागम भाग'. मग 'हँसते रहना' नावाचा चित्रपट किशोरकुमारला घेऊन सुरू केला, त्यात होतं नव्हतं ते घातलं आणि तो पुराच झाला नाही. स्टुडिओ गेला. गाड्या गेल्या, सोमवारची आधी की रविवारची, देव जाणे. पंचवीस खोल्यांचा बंगला विकला आणि भगवान दादरच्या चाळीत दोन खोल्यांत राहायला आले. पन्नाशीत 'लाबेला' काढून पाहिला, नावातही जुन्याचा आधार घेऊन. तोही गेला.

दोष कोणाचा? मला वाटतं, पासष्ट हजारांत चित्रपट काढणारा भगवान हाच खरा व्यवहारी होता. तेव्हा पुढच्या बाकावर कोण बसलंय हे त्याला दिसत होतं आणि खिशात किती आहे तेही. लाखो आल्यावर दोन्ही दिसेनासं झालं. एकाच गोष्टीला पुन्हापुन्हा सजवत राहिले, आणि नट मोठे झाल्यावर त्यांच्या तारखांवर आपलं सर्वस्व लावलं. बंगला भेदी निघाला तो असा.

यापुढची चाळीस वर्षं भगवाननी मिळेल ते काम केलं. 'झनक झनक पायल बाजे' आणि 'चोरी चोरी'त निदान नाव घेण्यासारखं काम होतं. मग हवालदार, नोकर, नाचणाऱ्यांच्या घोळक्यातला एक. ज्याच्या नावावर चित्रपट विकला जायचा तो रांगेत उभा राहून रोजंदारी घेत होता. मोठेपणीची माणसं पांगली. चाळीत भेटायला येत राहिले ते सी. रामचंद्र, ओमप्रकाश आणि राजिंदर कृष्ण. १९८२ मध्ये सी. रामचंद्रही गेले. एक गोष्ट मात्र पडत्या काळातलीच: 'भला आदमी' या १९५८ च्या चित्रपटात एका नवख्या, लष्करातून आलेल्या पोराला गाणी लिहायची पहिली संधी मिळाली, ती भगवानमुळे. तो आनंद बक्षी.

ज्या स्वस्त भीतीच्या रस्त्यावर भगवान १९४९ मध्ये एक बंगला बांधून गेले, त्यावर पुढे दुसऱ्यांनी वसाहत केली. रामसे कुटुंबाने १९७० च्या 'एक नन्ही मुन्नी लडकी थी'मध्ये पाहिलं, की मुखवटा घातलेल्या पृथ्वीराज कपूरच्या चोरीच्या प्रसंगाला लोक किंचाळतात आणि बाकी चित्रपटाला झोपतात. मग त्यांनी १९७२ मध्ये महाबळेश्वरला मुक्काम ठोकून 'दो गज जमीन के नीचे' काढला. एक भाऊ कॅमेऱ्यावर, एक आवाजावर, एक संकलनावर, दोघे दिग्दर्शनात, आणि स्वयंपाक घरच्या बायकांचा. भगवाननी एकट्याने केलं ते सात भावांनी वाटून घेतलं. अमेरिकेत तेव्हा मोटारीत बसून पाहायच्या उघड्या थिएटरांत असेच चित्रपट चालत होते. रॉजर कॉर्मन नावाच्या गृहस्थाने १९६० मध्ये एक चित्रपट दोन दिवस आणि एका रात्रीत उरकला होता. आपल्याकडे ती मोटारींची सोय १९७३ मध्ये अहमदाबादला थलतेजला झाली. आमच्या वडिलांनी तिथे एकदा स्कूटरवरून नेलं होतं. पुढे जमिनीवर चादर टाकून बसलो, म्हणजे घूम-फिरके मांडवच.

भगवानदादांचं निधन ४ फेब्रुवारी २००२ रोजी दादरच्या घरीच हृदयविकाराने झालं. वय अठ्ठ्याऐंशी. २०१६ मध्ये 'एक अलबेला' हा मराठी चित्रपट त्यांच्यावर निघाला, मंगेश देसाईंनी त्यांचं काम केलं आणि विद्या बालनने गीता बालीचं. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी तो पाहिला असेल.

पण मला सांगायची होती ती मिरवणुकीची गोष्ट. मुंबईतले जुने लोक ती सांगतात. विसर्जनाच्या दिवशी दादरच्या त्या चाळीपुढे मिरवणूक आली की ताशा थांबायचा. ट्रकवर गणपती, पुढे गुलालाने माखलेली पोरं, मागे खोळंबलेली दुसरी मंडळं. बँडवाला 'अलबेला'तलं गाणं धरायचा. पोरं वर बघत राहायची. मग चाळीच्या जिन्यावरून एक म्हातारा माणूस हळूहळू खाली यायचा. एकदा आजारपणाने शरीर खिळलेलं असलं तरी हात तेवढे झुलवायचा, असं म्हणतात. पाय जागेवर, खांदे किंचित, कंबर किंचित, चेहऱ्यावर तेच चोरून गूळ खाल्ल्याचं हसू. एक कडवं झालं की तो बाप्पाला हात जोडायचा, आणि मगच मिरवणूक पुढे सरकायची.

यंदा पाचव्या दिवशी आरतीनंतर, साडेनऊच्या सुमारास, मांडवात 'अलबेला' लावायचं ठरलं आहे. सतरंज्या कमी पडतात, तेव्हा शक्य असेल त्यांनी आपापली चादर आणावी. आणि तिसरा सिनेमा कोणता, हे बायका घरी गेल्यावर ठरेल.